पेटी, कंदील आणि गावचा मास्तर

१९१० साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचा एक ग्रंथपाल बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाला. विल्यम ॲलन्सन बॉर्डन त्याचं नाव. पन्नाशी ओलांडलेला माणूस. बोस्टनच्या ॲथेनियम ग्रंथालयात चार्ल्स कटरच्या हाताखाली त्याने काम केलं होतं, आणि मेल्विल ड्युईने कोलंबियात काढलेल्या ग्रंथपालनाच्या शाळेत शिकवलंही होतं. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, कटर आणि ड्युई ही त्या शास्त्रातली केवढी मोठी नावं आहेत ते सांगेल. त्या दोघांच्या तालमीत तयार झालेला माणूस महाराज सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याला आणला आणि राज्यातल्या सगळ्या ग्रंथालयांची सूत्रं त्याच्या हाती दिली. १९१३ साली तो परत गेला. म्हणजे मुक्काम जेमतेम तीन वर्षांचा. या तीन वर्षांत जे रुजलं त्याविषयी मला लिहायचं आहे, कारण माझी सगळी नोकरी त्याच्याच सावलीत झाली.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, सयाजीराव विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकले आणि निवृत्त होईपर्यंत शाळेची ग्रंथपाल होते. आता शाळांमधल्या शिक्षकांना ग्रंथालयाचं आणि संगणकाचं काम शिकवायला जाते. तिथे गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: नवं तंत्र आलं की आमचे मास्तर बिचकतात. मला ते पटत नाही. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखातल्या मास्तरांनी आपल्या काळातलं अगदी ताजं तंत्र उचललं होतं, तेही वीज नसलेल्या गावांत. ते कसं जमलं, हे नीट पाहायला हवं.

सुरुवात सक्तीच्या शिक्षणापासून करावी लागते. १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मुलं शाळेत आली, चार बुकं शिकली आणि शेतावर परत गेली. घरात पंचांगापलीकडे छापील कागद नाही. शिकलेलं विसरायला कितीसा वेळ लागतो? राज्याने एवढा पैसा ओतून शिकवायचं आणि पाच-सात वर्षांत अंगठा पुन्हा शाईत बुडायचा, असा तो प्रकार होता. महाराज १९०६ साली अमेरिकेत गेले. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी तिथे पाहिली आणि त्यांना या दुखण्यावर औषध सापडलं. शाळा संपली की वाचनालय सुरू झालं पाहिजे. हा विचार डोक्यात ठेवूनच बॉर्डनला बोलावणं गेलं.

राज्यात त्याआधी पुस्तकं नव्हती असं नाही. मराठी मुलखातही रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून चालू होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. गुजरातच्या चरोतर भागात मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक १९०६ पासून गावागावांत मित्रमंडळाची वाचनालयं काढत हिंडत होते. पण त्या काळच्या बहुतेक वाचनालयांची रीत अशी: पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद. बाहेर छापील किंवा हाताने लिहिलेली यादी. यादीत बघून क्रमांक सांगायचा, मग शिपाई किल्ली घेऊन येणार आणि पुस्तक काढून देणार. यादी छापली की त्या दिवसापासूनच ती जुनी व्हायला लागायची. नवं पुस्तक आलं की शेवटी पुरवणी जोडायची. पाच वर्षांत पाच पुरवण्या. एक पुस्तक शोधायला सहा ठिकाणी बोट फिरवायचं.

बॉर्डनने आणलेलं नवं तंत्र म्हणजे कार्ड. पाच इंच बाय तीन इंचाचा जाड कागद. आज कुणाला सांगितलं तर हसतील. पण त्या कार्डाने काय केलं ते काम करणाऱ्यालाच कळेल. एका पुस्तकाची नोंद एका सुट्या कार्डावर. कार्डं खणात उभी लावायची, खाली मधोमध भोक, त्यातून पितळी सळई. नवं पुस्तक आलं की सळई ओढायची, कार्ड आपल्या जागी सारायचं, सळई परत घालायची. यादी रोजच्या रोज ताजी. एकाच पुस्तकाची लेखकाच्या नावाने एक, पुस्तकाच्या नावाने एक, विषयाने एक अशी तीन कार्डं केली की वाचक कुठूनही आला तरी पुस्तकापर्यंत पोचतो. त्याच्या जोडीला वर्गीकरण. ड्युईची दशांश पद्धत आणि कटरची अक्षरांची पद्धत यांचा मेळ घालून बॉर्डनने बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण बसवलं. पुस्तकं विषयवार लागली म्हणजे कपाटं उघडता येतात. मध्यवर्ती ग्रंथालयात वाचकाला थेट फडताळापाशी जाऊन पुस्तक हातात घेऊन बघायची मोकळीक मिळाली. महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातला स्वतःचा वीस हजारांच्या घरातला संग्रह या ग्रंथालयाला देऊन टाकला होता. तो संग्रह आता बडोद्यातला कुठलाही माणूस चाळू शकत होता.

हे सगळं करायला माणसं लागणार. ती तयार व्हावीत म्हणून बॉर्डनने १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. भारतात या कामाचं पद्धतशीर शिक्षण इथूनच सुरू झालं, असं ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात शिकवतात. लाहोरला पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकन माणसाने वर्ग काढला तो १९१५ साली. मद्रासला रंगनाथन ग्रंथपाल झाले १९२४ मध्ये. बडोदं या सगळ्यांच्या आधी.

वर्गात जे शिकायचं ते मध्यवर्ती ग्रंथालयाच्या चालू कामावरच शिकायचं, हे मला त्या वर्गाचं सगळ्यात मोलाचं अंग वाटतं. फळ्यावर वर्गीकरण समजावून घेतलं की समोर पुस्तकांचा ढीग. आणि ती पुस्तकं इंग्रजी थोडीच होती? गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू. इथे अमेरिकन नियम अडखळायचे. ते का अडखळतात हे मी स्वतः कार्डं करताना अनुभवलं आहे. नियम सांगतो, लेखकाचं आडनाव आधी लिहा. ठीक, आपटे हरी नारायण. पण तुकारामाचं काय करायचं? आंबिले तुकाराम बोल्होबा असं कार्ड केलं तर वारकरी जन्मात अभंगगाथेपर्यंत पोचणार नाही. मोरोपंत पराडकरांत शोधायचे की मोरोपंतांत? आणि अक्षरक्रम. इंग्रजीत सव्वीस अक्षरं ओळीने उभी. देवनागरीत अनुस्वार असलेलं अक्षर आधी लावायचं की नंतर, जोडाक्षर कुठे घालायचं, क्ष क मध्ये की शेवटी, याचा निर्णय कुणाला तरी करावा लागतो आणि एकदा केला की सगळ्यांनी पाळावा लागतो. असे प्रश्न न्यू हेवनमधून सुटत नाहीत. ते मराठी-गुजराती येणाऱ्या माणसालाच सोडवायचे होते. बॉर्डनने पद्धत दिली, पण तिला इथल्या भाषांत चालतं केलं ते इथल्या माणसांनी, आणि त्यांच्यातला मोठा भाग शिक्षणखात्यातून आलेला होता.

बॉर्डन गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर क्युरेटर झाले, म्हणजे राज्यातल्या ग्रंथालयांचे प्रमुख. १९१९ साली मद्रासला देशातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची परिषद भरली तेव्हा तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि त्याच वर्षी बडोद्याच्या चळवळीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तकही आलं. पुढे न्यूटन मोहन दत्त आले. पण गावोगावच्या ग्रंथालयांचा भार ज्यांच्या खांद्यावर होता ते मोतीभाई अमीन. तेच चरोतरातले मास्तर. वसोच्या शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले, पेटलादला बोर्डिंग चालवलेले. बॉर्डनने त्यांना हाताखाली घेतलं ही मला त्याची सगळ्यात शहाणपणाची निवड वाटते. गावच्या मास्तराची अडचण मोतीभाईंना समजावून सांगावी लागत नव्हती. ते स्वतः त्यातून आलेले होते.

१९१२ पासून बडोद्याच्या ग्रंथालयवाल्यांनी ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक चालवलं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. परदेशात ग्रंथालयांत काय चाललं आहे आणि आपल्याकडे काय चाललं आहे, हे एकाच अंकात शेजारी शेजारी. मराठीत ग्रंथपालनावर लिहायची सवय कुठून सुरू झाली असं कुणी विचारलं तर मी या पानांकडे बोट दाखवते.

आता खेड्याकडे. गावात ग्रंथालय कसं निघायचं? गावाने वर्गणी जमवायची. जेवढी जमेल तेवढीच रक्कम पंचायतीकडून आणि तेवढीच सरकारकडून, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन व्हायचे. इमारतीलाही असंच साहाय्य. गावाने खिशात हात घातल्याशिवाय सरकारचा पैसा येत नसे, त्यामुळे ग्रंथालय गावाचंच राहायचं. आणि ते सांभाळायचं कुणी? बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेच्या मास्तराने. लिहिता-वाचता येणारा, हिशेब ठेवणारा आणि गावात रोज हजर असणारा माणूस तोच.

माझे आजोबा असे मास्तर होते. बडोद्याजवळच्या एका गावात शिकवायचे आणि संध्याकाळी शाळेच्याच पडवीत वाचनालय उघडायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. फिरत्या पेटीची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली. खेड्यातल्या वाचनालयात पुस्तकं ती किती असणार? ती वाचून संपली की लोक येईनासे होतात. म्हणून मध्यवर्ती खात्याकडून मजबूत लाकडी पेट्या निघायच्या. एकेका पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं. ड्युईने न्यूयॉर्क राज्यात १८९० च्या दशकात ही पद्धत चालवली होती. बडोद्यात तिला वेगळंच वळण लागलं, कारण हे राज्य एका तुकड्यात नव्हतं. बडोदं, कडी, नवसारी, अमरेली असे चार प्रांत, मध्ये मध्ये ब्रिटिश मुलूख आणि काठेवाडची संस्थानं. पण गायकवाडांची स्वतःची छोटी रेल्वे होती, डभोईच्या बाजूला जिचं जाळं पसरलेलं, ती अरुंद रुळांची गाडी. पेट्या रेल्वेने स्टेशनापर्यंत आणि तिथून बैलगाडीने गावात. भाडं सरकार भरायचं. वाचकाला काहीही पडायचं नाही.

अण्णा सांगायचे, पेटी आली की पहिलं काम मोजदाद. आत पुस्तकांची यादी असायची, तिच्याशी एकेक पुस्तक ताडून पाहायचं. मग नोंदवही. कोण घेऊन गेलं, कधी नेलं, कधी आणलं. पेटी परत धाडताना पुन्हा मोजदाद, फाटलेलं पान डिंक लावून चिकटवायचं, कुठलं पुस्तक जास्त गेलं ते खात्याला लिहून कळवायचं. हे शेवटचं अण्णांना फार महत्त्वाचं वाटे. त्यांच्या गावात शेतीच्या पुस्तकांपेक्षा आख्यानं आणि प्रवासवर्णनं जास्त जायची. त्यांनी तसं लिहिलं आणि पुढच्या पेटीत तसली पुस्तकं आली. “आपण लिहिलेलं वर कुणीतरी वाचतंय, हे कळलं की माणूस कामाला लागतो,” असं ते म्हणायचे.

आणि मग दिव्याचा खेळ. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यात चित्रांतून शिकवण्याची एक स्वतंत्र शाखा होती. पुस्तकांच्या जोडीला तिथे स्टिरिओस्कोप, मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचं यंत्रही होतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही ग्रंथालय पोचलं पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता. आज शाळेत प्रोजेक्टर आला की त्याचं उद्घाटन होतं. इथे ग्रंथालयाची माणसं पहिल्या महायुद्धाच्या काळात यंत्रं घेऊन खेड्यांत जात होती आणि उघड्या मैदानात फुकट चित्रं दाखवत होती.

मराठी माणसाला दिव्याची चित्रं नवी नव्हती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्येच शांबरिक खरोलिका सुरू केली होती. काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांतून ते रामायण-महाभारत पडद्यावर उभं करायचे. बडोद्याच्या कलाभवनात, जे १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी सयाजीरावांच्या आश्रयाने उभं केलं, तिथे दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकून गेले होते. बॉर्डन बडोदं सोडून गेला त्याच १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. हे तंत्र ज्या हवेत वाढत होतं ती हवा बडोद्यात होतीच. ग्रंथालय खात्याने ते खेळ करणाऱ्यांच्या हातून घेऊन शिकवणाऱ्यांच्या हाती दिलं.

लँटर्न चालवणं सोपं नाही. काचेची पट्टी उलटी घालावी लागते, कारण भिंगातून चित्र पालथं पडतं. घाईत ती सुलटी घातली की पडद्यावर गांधार देशाचा राजा डोक्यावर उभा. वीज नसलेल्या गावात दिवा रॉकेलचा नाहीतर कार्बाइडचा. ज्योत कमी झाली तर चित्र मळकट, जास्त झाली तर काच तडकते. पडदा म्हणजे पांढरं धोतर किंवा जाजम. ते ओलं करून ताणलं की उजेड आरपार जातो आणि पडद्याच्या मागच्या बाजूलाही चित्र दिसतं, म्हणजे दुप्पट माणसं बसू शकतात. हे सगळं सांभाळत बोलायचं. चित्र एका मिनिटात बदलतं, पण बोलणं थांबून चालत नाही. पट्टीवर हिमालय असेल तर हिमालय, मलेरियाचा डास असेल तर साचलेलं पाणी. ज्याला वर्गात गोष्ट रंगवून सांगता येते त्यालाच हे साधणार, आणि म्हणून मास्तर हवा. यंत्राचा जाणकार एक, बोलणारा एक, असं दोघांचं काम असायचं, अण्णा नेहमी बोलणाऱ्याच्या जागी.

स्टिरिओस्कोपची तऱ्हा वेगळी. एकाच दृश्याची दोन छायाचित्रं शेजारी शेजारी चिकटवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, आणि डोळ्यांना लावायची दोन भिंगांची चौकट. दोन्ही चित्रं मिळून एक होतं आणि समोरचं दृश्य खोल दिसायला लागतं. अमेरिकेत अंडरवुडसारख्या कंपन्या देशोदेशीच्या दृश्यांचे संच काढायच्या, आणि कार्डाच्या पाठीमागे त्या दृश्याची माहिती छापलेली असायची. मुलाने नायगारा बघायचा आणि मास्तराने मागचं वाचून त्याच्या भाषेत सांगायचं. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता आणि त्यात खेळसुद्धा होते. बायकांसाठीही वेगळं वाचनालय होतं. त्या काळात एखाद्या बाईने उंबरा ओलांडून पुस्तक बदलायला जाणं हे तिच्या घरात किती मोठं पाऊल असेल, हे माझ्या पिढीला नुसतं ऐकूनही कळतं. आजच्या मुलींना ते सांगावं लागतं.

या सगळ्याची दुसरी बाजू न लिहिणं खोटेपणाचं होईल. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉक्टर आंबेडकर बडोदे सरकारच्या नोकरीत आले. याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात शिकून आले होते, ज्या कोलंबियात ड्युईची शाळा होती आणि बॉर्डनने शिकवलं होतं. त्यांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं आणि कमाठी बागेत बसून त्या माणसाला पुढचा विचार करावा लागला. कपाटं उघडी करणारं शहर हेच. सयाजीरावांनी अंत्यज शाळा १८८० च्या दशकातच काढल्या होत्या, पण त्या शाळांना शिक्षक मिळणं मुश्कील झालं होतं. गावातलं ग्रंथालय धर्मशाळेत किंवा चावडीत असेल तर तिथे पाऊल कोण टाकू शकणार हे गावच ठरवत होतं. पेटी रेल्वेने फुकट येत होती, तरी शेवटचं शंभर पावलांचं अंतर कापणं सरकारच्या हुकमाने होत नव्हतं. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर लिहिणारे बहुतेक जण हा भाग गाळतात. तो गाळला की बाकीचं कौतुक पोकळ होतं.

१९३१ साली मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची आजची इमारत उभी राहिली. लोखंडी फडताळं आणि त्यांच्यामधल्या मजल्यांना जाड काचेची जमीन. खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. मी विद्यार्थिनी असताना त्या काचेवरून चालायला घाबरायचे आणि मग दिवस दिवस तिथेच बसायचे. त्याच वर्षी मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला पुस्तकांची बैलगाडी निघाली, रंगनाथन यांच्या प्रेरणेने. तिची नोंद सगळीकडे होते. बडोद्याच्या पेट्या तिच्या वीस वर्षं आधीपासून फिरत होत्या. हे मी स्पर्धेपोटी लिहीत नाही. पण मराठी वाचकाला मन्नारगुडी माहीत असते आणि बडोदं नसतं, याचं मला वाईट वाटतं.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. खातं बदललं, तपासायला येणारी माणसं बदलली. गावची ग्रंथालयं कुठे टिकली, कुठे नुसती पाटी राहिली. पुढे १९७५ साली त्याच चरोतरात, मोतीभाईंच्या वसोपासून जवळच असलेल्या पीज गावी दूरदर्शनचं छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं आणि खेडा जिल्ह्यातल्या गावांत सार्वजनिक टीव्ही संच लागले. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचा तो प्रयोग. कार्यक्रम गावकऱ्यांच्या भाषेत आणि त्यांच्या प्रश्नांवर. या प्रयोगाचं जगभर नाव झालं, १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मला त्यात लँटर्नचीच जात दिसते. चौकात यंत्र, भोवती गाव, आणि दाखवलेलं समजावून सांगायला कुणीतरी गावातलंच.

माझ्या नोकरीच्या काळात संगणक आला. आम्हा शाळांच्या ग्रंथपालांना एका प्रशिक्षणाला बोलावलं. सभागृहात पडदा, पडद्यावर सरकत्या पाट्या, समोर शंभर-दीडशे माणसं. दुपारी प्रमाणपत्रं वाटली. संगणकाला हात कुणीच लावला नव्हता. शाळेत परत आल्यावर यंत्र खोक्यातून काढायचं कुणी इथपासून प्रश्न. आणि खरी अडचण मराठी पुस्तकांची. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फाँटची स्वतःची सांकेतिक अक्षरं होती. एका फाँटमध्ये हजारभर पुस्तकांची नावं टंकायची, आणि नवी प्रणाली आली की पडद्यावर ‘ययाति’च्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा गोळा. मुलांपुढे ती यादी ठेवायची कशी? तेव्हा शहरातल्या दुसऱ्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाई मदतीला आल्या. त्यांनी युनिकोडमध्ये नोंदी करायची सोय आपल्या शाळेत आधी बसवून घेतली होती. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या यायच्या, माझ्या शेजारी बसायच्या आणि माझ्याच हाताने करून घ्यायच्या. अनुस्वार आधी की नंतर हा जुना प्रश्न इथेही उभा राहिला, कारण संगणकाचा क्रम आणि आमच्या कार्डांचा क्रम जुळत नव्हता. आम्ही दोघींनी मिळून तो सोडवला.

तेव्हापासून मला एक गोष्ट लख्ख दिसते आहे. बडोद्यातले मास्तर नवं तंत्र शिकले ते हुकूम निघाला म्हणून नव्हे. शिकताना त्यांच्यापुढे खरी पुस्तकं होती. शिकवणाऱ्यांत मोतीभाईंसारखा त्यांच्यातलाच एक होता. शिकून गावी गेल्यावर पेटी येत राहिली, पत्राला उत्तर येत राहिलं, खात्याचा माणूस येऊन पाहून जात राहिला. यातलं एकही काढून टाकलं असतं तर स्टिरिओस्कोप कपाटात पडून राहिला असता. गेल्या वीस वर्षांत शाळांमध्ये आलेले किती संच असे प्लॅस्टिकच्या आवरणासकट पडून आहेत, ते मी शाळाशाळांत पाहते. त्याचा दोष मास्तरांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मी शिकवायला जाते तेव्हा सभागृह मागत नाही. शाळेचं स्वतःचं कपाट उघडा म्हणते. प्रत्येक शिक्षकाने त्यातली दहा पुस्तकं काढायची, धूळ पुसायची आणि आपल्या हाताने नोंदवायची. मोबाइलवर केली तरी चालेल. तुकाराम कुठे लावायचा यावर तिथे भांडण होतंच, आणि ते मी होऊ देते. सगळ्यात लवकर जिला जमेल त्या शिक्षिकेचा फोन नंबर बाकीच्यांना द्यायला सांगते, पुढच्या अडचणीला तिलाच विचारा म्हणून. महिन्याभराने मी परत जाते. मुलांनी काय मागितलं, काय मिळालं नाही, याची वही तोवर ठेवायला सांगितलेली असते. ती वही आम्ही सगळे मिळून वाचतो आणि पुढची खरेदी तिच्यावरून ठरते.